चार इंच

जानेवारीचा तिसरा आठवडा. डुलुथ.
शाळा सहाला रिकामी होते, पोर्टल मात्र उघडं असतं
शुक्रवारी दुपारी चारपर्यंत.
बेचाळीस मुलं, बेचाळीस शेरे,
प्रत्येकी सहाशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
'हुशार' हा शब्द वापरायचा नाही, असं डीनबाईंचं पत्रक आहे.
'आळशी' तर नाहीच.
'अजून वाव आहे' चालतं.
बेचाळीस जणांना अजून वाव आहे.

प्रेस्कॉट डन्मोरच्या आईचे नाताळच्या सुट्टीत सात मेल आले:
ब्याण्णव म्हणजे नक्की किती?
सातव्यात तिच्या वकील भावालाही प्रत होती.
आम्ही क्रमांक लावत नाही, मी दरवर्षी सांगतो.
क्रमांक मुलं लावतात, जेवणाच्या रांगेत,
दशांशचिन्हासकट.

तूली कोस्केला. एकोणनव्वद पूर्णांक चार. बी प्लस.
तिचा मेल नाही.
तिचे वडील आर्विड शाळेच्या आवारातला बर्फ काढतात,
पहाटे चारला, ट्रकच्या तोंडाला फाळ लावून.
त्यामुळे तिची फी माफ आहे.
ती हे लपवत नाही, सांगतही नाही.

काल पार्किंगमध्ये त्यांनी काच खाली केली.
"सर, बी प्लस म्हणजे काय?"
मी सुरू झालो: प्रयोगवहीचे वीस टक्के,
ऑनर्सच्या वर्गाला अर्धा गुण वरून,
कॉलेजवाले हे सगळं कसं वाचतात.
ते इंजिन चालू ठेवून ऐकत होते.
मग म्हणाले,
"तळ्यावर चार इंच बर्फ धरला की माणूस चालतो.
सहा-सातला स्नोमोबिल.
बाराच्या पुढे माझा ट्रक.
साडेतीन असला तर कुणी म्हणत नाही, छान, अजून वाव आहे.
घरी जायचं."
सूर तक्रारीचा नव्हता.
"ती चालेल ना?" एवढंच विचारून त्यांनी काच वर केली.

रात्री तिचा पेपर पुन्हा काढला.
प्रश्न सातवा: भोक न पाडता बर्फाची जाडी कशी अजमावाल?
मला समीकरण हवं होतं, एककांसह.
तिनं लिहिलं होतं:
'दगड फेकायचा. पातळ बर्फ चिमणीसारखा चिवचिवतो,
जाड बर्फ पोटातून बोलतो.
आजोबा ऐकून सांगायचे. एकदाच चुकले.'
समासात माझं अक्षर, हिरव्या शाईत
(लाल शाई तीन वर्षांपूर्वी बंद झाली, मुलांना लागते म्हणून):
सूत्र कुठे? वजा तीन.

एकदाच चुकले.
हे मी डिसेंबरात वाचलं असणार.
वाचून पुढच्या प्रश्नावर गेलो असणार.

तीन गुण परत दिले तर ती नव्वदच्या पार जाते.
आधी वाटलं, हे औदार्य होईल.
मग वाटलं, छे, हा तर नुसता हिशेब.
तरी उरलेले एकेचाळीस पेपरही काढले,
कारण एकीसाठी काटा हलवला तर तो तराजू राहत नाही.
अडतीस जणांचं सूत्र बरोबर होतं.
त्या सूत्रावर पाय ठेवायची पाळी
त्यांच्यापैकी कुणावर आलेली नव्हती.
काठावर पास होणाऱ्यांची मला तशी काळजी नसते.
काठ कुठे आहे, ते त्यांना ठाऊक असतं.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी आकडा बदलला.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: तूली ऐकते.
पाचशे एकोणनव्वद अक्षरं शिल्लक आहेत, पोर्टल म्हणालं.
राहू दिली.

रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर गेलो, मुद्दाम.
दगड मिळाला नाही, गोठलेलं ढेकूळ घेतलं, फेकलं.
आवाज आला. कसला, ते मला सांगता येईना;
बावीस वर्षं ध्वनी शिकवतोय.
पलीकडे मासेमारीच्या खोपटातून आर्विडनी डोकं बाहेर काढलं,
बर्फाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं, पायांपासून टोपीपर्यंत,
आणि ओरडले,
"तुम्ही या, सर.
गाडी तिकडेच राहू द्या."